मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आयुर्वेदिक औषध : जळगावातील एका औषधालयाविषयी अभिप्राय

जळगावच्या जुन्या बाजारपेठेत आयुर्वेदिक औषधांचे एक मोठे दुकान आहे. पुढे काउंटर, मागे वैद्यांची खोली आणि जिन्याखाली वाळलेल्या मुळ्या-सालींची पोती अशी त्याची रचना आहे. अमळनेर तालुक्यात राहणारे माझे मोठे काका, ज्यांना घरात सगळेच आबा म्हणतात, अनेक वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्या चालू ठेवून सोबत एखादे आयुर्वेदिक औषध घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती आणि त्या निमित्ताने गेले वर्षभर आमचे या दुकानात जाणे-येणे आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी लिहिल्या आहेत त्या केवळ या दुकानाच्या नाहीत; चोपडा, शिरपूर, शहादा अशा कोणत्याही बाजारपेठेत थोड्याफार फरकाने हेच चालते.

या ठिकाणी जाणाऱ्याने मागच्या खोलीतील वैद्यांचा सल्ला आणि पुढच्या काउंटरवरची विक्री ही दोन वेगळी दुकाने समजावीत. मालक एकच असले तरी दोन्हीकडची शिस्त एक नाही.

काउंटरवर मधुमेहाचे नाव काढताच तेथील मुलगा गुडमारची दोन पाने हातावर ठेवतो आणि ती नीट चावायला सांगतो. पाने कडसर-तुरट लागतात. थोड्या वेळाने तो गुळाचा खडा देतो आणि तो गूळ तोंडात अक्षरशः ढेकळासारखा लागतो. गोडीचा मागमूस राहत नाही. मग तो म्हणतो, "बघा काका, जिभेवरची साखर मारली ना, तशीच रक्तातली मारते." आबांवर या प्रयोगाचा चांगलाच परिणाम झाला. "कडू शे ना, मंग काम करीच," असे म्हणून त्यांनी पाकिटासाठी खिशात हात घातला. वस्तुतः गुडमारमधील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना काही काळ अडवून ठेवतात, एवढेच त्यातून दिसते. गुडमारचा रक्तशर्करेवरही काही परिणाम होत असावा, असे सुचवणारे छोटे अभ्यास झालेले आहेत. पण गुळाच्या खड्याने त्यातले काहीही सिद्ध होत नाही. हा प्रयोग करून दाखवण्याआधी समोरचा माणूस कोणत्या गोळ्या घेतो, हे मुलाने विचारले नाही. माझ्या मते या दुकानाची पहिली आणि सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

मागच्या खोलीत मात्र सुरुवातच त्या प्रश्नाने होते. वैद्यांनी आबांच्या गोळ्यांच्या साऱ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेकीवरचे बारीक अक्षरांतील घटक भिंगाने वाचून एका वहीत उतरवून घेतले. आबांना सकाळची गोळी "शुगरची" आणि दुसरी "बीपीची" एवढेच ठाऊक होते. त्या शुगरच्या एका गोळीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधे एकत्र होती, आणि बीपीची गोळी मेटोप्रोलॉलची होती. पुढचा सगळा सल्ला या चार नावांवर उभा राहिला, म्हणून तो येथे थोडा सविस्तर देतो.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि एकटे घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्याचा अंमल दिवसभर राहतो आणि वय झालेल्या किंवा मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात तो अधिक लांबू शकतो. त्यामुळे केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याने मेथी, कारले, गुडमार किंवा विजयसार सुरू करणे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने तेच सुरू करणे, या दोन गोष्टींतील जोखीम सारखी नाही. दुसऱ्या प्रकारात दोन बाजूंनी साखर खाली ओढली जाते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की थरथर, धडधड, घाम, घाबरेपणा सुरू होतो; पण मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून राहतात आणि घाम तेवढा येतो. "आबांना उगाच दरदरून घाम आला तर उन्हाला दोष देण्याआधी साखर मोजा," हे वैद्यांचे वाक्य जळगावच्या मे महिन्याचा विचार करता फार मोलाचे होते.

व्होग्लिबोजविषयीची सूचना तर आम्हाला याआधी कोणीच दिली नव्हती. हे औषध आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवते, म्हणून ते घेणाऱ्याची साखर उतरल्यास घरातली साखर, गूळ किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही. त्याला मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा ७० च्या वर आला नसेल तर पुन्हा द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये आणि थेट दवाखाना गाठावा. हे सांगून वैद्यांनी चिठ्ठीवर सर्वांत वर औषधाऐवजी ग्लुकोजचा डबा लिहिला. स्वतःच्या दुकानात न मिळणारी वस्तू चिठ्ठीत पहिली लिहिणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

औषध त्यांनी त्या दिवशी दिलेच नाही. आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या एसजीपीटीसारख्या तपासण्या आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी करून आणायला सांगितली. आबा नाराज झाले, कारण एसटीने एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परतायचे होते. तरीही हा आग्रह योग्यच होता. मूत्रपिंड फार मंदावले असेल तर मुळात मेटफॉर्मिनच देता येत नाही, आणि वनस्पतीजन्य औषधे यकृताला निरुपद्रवीच असतात हा समजही तपासून घ्यावा लागतो. कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालला, त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली आणि गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी प्रजाती वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणाच्याही बाजूने लागो. विकत घेणाऱ्याला पुडीतली वेल कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून यकृताचा अहवाल आधी हातात असणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा करणे शहाणपणाचे.

अहवाल ठीक आल्यावर वैद्यांनी एकच औषध निवडले: जांभूळबी आणि मेथी यांचे सीलबंद डब्यातील चूर्ण. एका वेळी एकच नवे औषध, कमी मात्रेपासून सुरुवात, आणि गोळ्या व मेथीचे चूर्ण यांत किमान दोन तासांचे अंतर, कारण मेथीचा चिकट तंतू पोटात इतर औषधांचे शोषण लांबवू शकतो. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असती तर मेथीचे चूर्ण दिलेच नसते, असेही त्यांनी सांगितले.

काउंटरवर सरकारी संशोधन संस्थांनी विकसित केलेली दोन औषधेही मिळतात. सीएसआयआरच्या लखनौ येथील संस्थांनी विकसित केलेल्या बीजीआर-३४ मध्ये दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी आहे. सीसीआरएएसने विकसित केलेल्या आयुष-८२ मध्ये कारले, जांभूळबी, आंब्याची कोय, गुडमार आणि शुद्ध शिलाजित आहे. दोन्हींत गुडमार आहे, हे लक्षात न घेता "एक सरकारी आणि दुसरेही सरकारीच" म्हणून दोन्ही सोबत घेणारे लोक आहेत. त्यात घरचा कारल्याचा रस आणि रात्रभर विजयसारच्या लाकडी पेल्यात ठेवलेले पाणी मिळवले, तर कोणत्या वनस्पतीची किती मात्रा पोटात गेली याचा हिशेब वैद्यालाही मांडता येणार नाही. दारुहळदीतील बर्बेरीन यकृतातील काही विकरांना (एन्झाइमांना) अडवते आणि त्यामुळे इतर गोळ्यांची रक्तातील पातळी बदलू शकते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. तेव्हा नाव सरकारी असो वा खासगी, डब्यावरील घटकांची यादी आपल्या गोळ्यांच्या यादीशेजारी ठेवूनच वाचावी लागते.

औषध सुरू झाल्यानंतरची देखरेख हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. वैद्यांनी रकाने आखलेली वही दिली. रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि सायंकाळी चहाच्या आधी, असे आकडे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लिहायचे. बहुतेक लोक फक्त सकाळचा आकडा पाहतात, पण ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर बऱ्याचदा दुपारनंतर सापडते, असे त्यांचे म्हणणे होते. तसेच घडले. आबांनी एकादशीला सकाळी गोळी घेतली, चूर्ण घेतले आणि दिवसभर थोड्या भगरीवर राहिले. सायंकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांचा सदरा घामाने भिजला. ग्लुकोमीटरवर ६१ आले. काकूंनी सवयीने साखरेचे पाणी दिले, पण पंधरा मिनिटांनी आकडा जेमतेम हलला होता. मग ग्लुकोज दिल्यावर तो ९० च्या वर आला. फोन केल्यावर वैद्यांनी स्वतः उचलला, चूर्ण लगेच थांबवायला सांगितले आणि रात्रभर अधूनमधून मोजत राहण्याची सूचना केली, कारण अशा गोळीने उतरलेली साखर एकदा सावरली तरी पुन्हा उतरू शकते. गोळीच्या मात्रेचा निर्णय मात्र त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आबांच्या डॉक्टरांकडे वही घेऊन जाण्यास सांगितले.

या प्रसंगात दोष चूर्णाचा किती आणि उपवासाचा किती, हे वेगळे करता येत नाही. माझ्या अंदाजाने उपवासाचा वाटा मोठा. खान्देशात श्रावण आणि नवरात्र तर आहेच, शिवाय चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जाणाऱ्यांच्या दिंड्या गावोगावहून निघतात. उन्हात दिवसभर चालणे, अवेळी खाणे आणि सकाळची गोळी नेमाने घेणे, हा मेळ साखर उतरवण्यासाठी पुरेसा असतो, मग सोबत काढा असो वा नसो. उपवासाच्या आणि पायी वारीच्या दिवसांत कोणती गोळी घ्यायची, कोणती वगळायची, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यायला हवे. वैद्यांच्या छापील सूचनापत्रात उपवासाचा उल्लेख नव्हता. तो असायला हवा, असे आम्ही त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात रेचक चूर्णेही विचारूनच घ्यावीत, कारण दोन्हींमुळे शरीरातील पाणी कमी होते. हा मुद्दाही त्या पत्रकात नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूविषयी. आबांचे डॉक्टर एका खासगी रुग्णालयात बसतात. चूर्णाचे नाव ऐकताच त्यांनी "तो पाला आधी बंद करा" असे सुनावले होते, आणि अशा उत्तरामुळेच रुग्ण पुढच्या वेळी सांगत नाहीत, लपवतात. मला या साऱ्या प्रकारातील सर्वांत मोठा धोका या लपवाछपवीत दिसतो. डॉक्टरांना चूर्ण माहीत नसते, साखर उतरली की ते गोळीला दोष देतात, साखर चढली की मात्रा वाढवतात, आणि चूर्ण मध्येच संपले की सगळे गणित पुन्हा बिघडते. येथे वैद्यांनी दिलेले पत्र कामी आले. त्यात चूर्णातील घटक, मात्रा, घेण्याची वेळ आणि वहीतील आकडे सविस्तर लिहिले होते. ते वाचल्यावर डॉक्टरांचा सूर बदलला. त्यांनी ग्लिमेपिराइड निम्मे असलेली दुसरी पट्टी लिहून दिली, कारण आधीची गोळी मेटफॉर्मिन हळूहळू सोडणाऱ्या प्रकारची होती आणि तशी गोळी घरी मोडून अर्धी करायची नसते. चूर्ण दोन आठवडे बंद ठेवून, नव्या गोळीवर आकडे स्थिरावल्यावर पुन्हा सुरू करण्यास त्यांनी हरकत घेतली नाही.

परिणामाचे म्हणाल तर आबांची एचबीए१सी ८.१ वरून ७.३ वर आली. त्याच काळात त्यांनी सकाळचा गोड चहा सोडला, रात्रीच्या जेवणात भात बंद करून कळण्याची अर्धी भाकरी ठेवली आणि शेताच्या बांधावरून रोज फेरी सुरू केली. यातले श्रेय चूर्णाला किती द्यायचे, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही, आणि वैद्यांनीही ते स्वतःकडे ओढले नाही. वनस्पतींचा पुरावा अजून पातळच आहे. कारल्याबाबत कोक्रेन या उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ मधील आढाव्याला शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. विजयसारवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर केलेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

काउंटरच्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत. दुकानाचे स्वतःचे "मधुमेह चूर्ण" साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेपलर मारून विकले जाते. त्यावर घटक नाहीत, बॅच क्रमांक नाही, उत्पादनाची तारीख नाही, मुदत नाही. रावेरकडच्या एका गृहस्थांनी ते घेताना "मग गोळ्या बंद करू का?" असे विचारले, तेव्हा मुलाने "हळूहळू सोडा" असे उत्तर दिल्याचे मी स्वतः ऐकले. इन्शुलिनवर असलेल्या एखाद्या रुग्णाने हा सल्ला मानला तर त्याच्या जिवावर बेतेल. भिंतीवर मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणारा फलकही आहे; १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे आणि तो बरा करण्याची जाहिरात त्या कायद्याने निषिद्ध आहे, हे मालकांना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

सुट्ट्या चूर्णाची भीती उगीच नाही. २००८ मध्ये सिंगापुरात लैंगिक ताकदीच्या नावाखाली विकल्या गेलेल्या भेसळयुक्त गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे ॲलोपॅथिक औषध निघाले. त्या काळात साखर उतरून १५० जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि त्यांतील ४ जण दगावले. एखाद्या चूर्णाने दोन दिवसांत साखर झपाट्याने उतरली, तर आनंद मानण्याआधी त्यात काय मिसळले आहे याची शंका घ्यावी. धातूंचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मधुमेहात दिल्या जाणाऱ्या वसंतकुसुमाकर रसासारख्या रसौषधींत तर नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, हा अधिकृत घटकच असतो. ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यांपासून दूर राहावे. या काउंटरवर ती चिठ्ठीशिवाय मिळतात.

कोणी या दुकानात जाणारच असेल, तर थेट मागच्या खोलीत जावे आणि घरातील सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चष्म्याच्या डबीत ठेवलेल्या सुट्ट्या गोळ्यांसह, सोबत न्याव्यात. सीलबंद डबाच मागावा आणि त्यावर आयुर्वेदिक औषध म्हणून उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे की अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक आहे, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारातील वस्तू औषध म्हणून तपासलेली नसते. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेले, आणि लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले रुग्ण यांना मी हे दुकान सुचवणार नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर चालू असलेले चूर्ण भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून आधीच थांबवावे लागते.

वैद्यांची तपासणी फी २०० रुपये आहे आणि त्या मानाने ते देत असलेला वेळ भरपूर आहे. वही आणि पत्राचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुपारी खोली बंद असते, त्यामुळे बाहेरगावच्यांनी सकाळीच पोहोचावे. काउंटरवर पक्के बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. ते मागावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा, कारण एखाद्या औषधाने त्रास झाला तर दुष्परिणामांची नोंद करताना तोच विचारला जातो. ही नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते.